आगरकरांच्या आईनं काय उत्तर दिलं?

बी.ए.च्या वर्गाला समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकरांविषयी शिकवायचं तर आमच्याकडे ठरलेला साचा आहे. जन्म 1856, कराडजवळचं टेंभू, घरची ओढगस्त, अंगात एकच सदरा, तोच रात्री धुवायचा नि सकाळी घालायचा. मग एम.ए. होताना आईला लिहिलेलं ते पत्र: मुलाला आता मोठा पगार मिळेल अशी आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ मी लोकांच्या कामी लावणार आहे. इथं वर्ग भारावतो, असं आपण शिक्षक धरून चालतो.

सोलापुरात सकाळच्या तासाला बसणारी मुलं सहसा भारावत नाहीत. कुणी घरोघरी पेपर टाकून आलेला असतो, कुणी पूर्व भागातल्या कारखान्यात टॉवेलच्या घड्या घालून. त्या दिवशी पत्र वाचून संपवलं आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मग आईनं काय उत्तर दिलं?"

एवढी वर्षं मी हे पत्र शिकवतेय, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. पाठात पत्र आहे, उत्तर नाही. तसं मी सांगितलं. ती म्हणाली, "माझी आई विड्या वळती. असलं पत्र मी तिला दिलं, तर मांडीवरचं सूप फेकून मारंल." वर्ग खदखदून हसला. ती हसली नाही. बोलता बोलता वहीच्या पानाचा कोपरा ती बोटांनी वळत होती आणि अंगठ्याच्या नखानं त्याचं टोक आत मुडपत होती. विडीचं तोंड बंद करायची सवय, दुसरं काय.

मग साचा बाजूलाच राहिला. पेपर टाकणाऱ्या पोरानं त्याच्या धंद्याचं विचारलं: "पुण्यात लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली म्हणता, मग त्यांचा पेपर घेत कोण होतं?" मी 'केसरी'पासून सुरुवात केली. 1881 साली निघालेल्या त्या वर्तमानपत्राचे आगरकर पहिले संपादक. कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात 1882 साली टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले, तेही याच पत्रापायी. पुढे बालविवाह, विधवांचं केशवपन अशा प्रश्नांवर सहकाऱ्यांशी जमेना, तेव्हा 1887 मध्ये 'केसरी' सोडला आणि पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला.

"म्हणजे चालता पेपर सोडला?" त्याला हे काही केल्या पटेना. "लै डेरिंग बे," शेजारचा पुटपुटला.

मला विचाराल तर मुलांनी अडायची जागा हीच आहे. एका सदऱ्याची गोष्ट ऐकून आपण हळहळतो आणि पुढं जातो. तशी गरिबी या वर्गाला नवी नाही. पण तुरुंग भोगून उभं केलेलं पत्र, मनातलं लिहिता येत नाही म्हणून सोडायचं, हे त्या पोराला आतून कळलं. पेपर टाकायची चालती लाइन सोडणं म्हणजे काय, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

त्याच्या प्रश्नाला सरळ उत्तर असं की, शिव्या घालणारेही वाचतच होते. 'सुधारक'मधल्या इंग्रजी मजकुराची बाजू तरुण गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत. दम्यानं पोखरलेला हा संपादक 1895 साली, चाळिशीही न गाठता गेला.

तास संपल्यावर ती मुलगी टेबलापाशी आली. तलाठी भरतीचा फॉर्म भरायचा होता, सही-शिक्क्याचं विचारत होती. जाता जाता म्हणाली, "मी आधी नोकरी घेणार मॅडम, मग बघू सुधारक-बिधारक." मी म्हटलं, अगं, आगरकरसुद्धा फर्ग्युसनमध्ये प्राध्यापकी करतच 'सुधारक' चालवत होते, शेवटी तर प्राचार्य होते तिथं. तिनं भुवया उंचावल्या. "मग हे आधी सांगायचं की! आईला सांगायला बरं पडलं असतं."