विठ्ठलाची वेलांटी

औशाच्या अलीकडं आमचं गाव. दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह असतो आणि पत्रिकेचं काम माझ्याकडं. सात दिवसांचे सात कीर्तनकार, त्यातला एखादा तरी ऐनवेळी बदलतो. म्हणून एसव्हीजीत, म्हणजे मजकूर बदलता येतो अशा चित्राच्या फाइलीत, साचाच करून ठेवलाय. नाव बदललं की भाड्याच्या सर्व्हरवर पीएनजी चित्र तयार, तिथून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर.

पहिल्या खेपेला नुसते चौकोन आले. एसव्हीजीत फॉन्टचं नाव तेवढं असतं, फॉन्ट नसतो. लॅपटॉपवर मुक्ता नावाचा फॉन्ट होता, सर्व्हरवर देवनागरीचा एकही नाही. मुक्ताची फाइल तिथं टाकली, फॉन्टची यादी ताजी करणारं एफसी-कॅश चालवलं, कुठला फॉन्ट लागेल ते सांगणाऱ्या एफसी-मॅचला विचारलं तर मुक्ताच म्हणालं. चौकोन गेले. मी खुशीत न वाचताच पाठवलं.

रात्री मामांचा फोन. "हे काय करून पाठवलास? देवाचं नाव तरी नीट लिही की!"

झूम करून बघितलं. 'विठ्ठल'मधली वेलांटी व ला सोडून पुढच्या ठ ला चिकटलेली. जोडाक्षराचे दोन ठ सुटे, पहिल्याचा पाय मोडलेला. 'कीर्तन'मधला रफार खाली उतरून नुसता र् झालेला. फॉन्ट तर बरोबर होता! मग तासभर फॉन्टच बदलत बसलो, नोटो लावला, लोहित लावला. उगीच. चौकोन दिसले तर फॉन्ट नाही. अक्षरं फुटली तर फॉन्ट आहे, पण ती जुळवणारं कुणी नाही. युनिकोडात वेलांटी व च्या नंतरच लिहिलेली असते, तिला उचलून अलीकडं बसवायचं काम हार्फबझसारख्या सॉफ्टवेअर लायब्ररीचं. एसव्हीजीचं पीएनजी करणाऱ्या माझ्या इमेजमॅजिकच्या डेलिगेटांच्या (मदतनीस लायब्ऱ्यांच्या) यादीत ना अक्षरं जुळवणारं रॅक्म होतं, ना एसव्हीजी काढणारं आरएसव्हीजी, त्यामुळं ते एकेक अक्षर ओळीनं मांडत होतं. तेच काम आरएसव्हीजी-कन्व्हर्ट या दुसऱ्या प्रोग्रामला दिलं. ते मजकूर मांडायला पँगो वापरतं, आणि पँगोच्या पोटात हार्फबझ. विठ्ठल जागेवर आला. एसव्हीजीत भाषा 'एमआर' (म्हणजे मराठी) लिहिल्यावर नोटोमधले ल आणि श सुद्धा मराठी वळणाचे झाले. (हे मामांना दिसलं नाही, मला दिसलं.)

फ्लेक्ससाठी मात्र लातूरच्या गंजगोलाईजवळच्या दुकानात गेलो. फाइल कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पोरगा म्हणाला, "फॉन्ट नाही, कर्व्ह करून आणा." इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये सगळं सिलेक्ट करून शिफ्ट-कंट्रोल-सी दाबलं, अक्षरांचे आकार झाले. आता फॉन्टची भानगडच नाही, फक्त नाव बदलता येत नाही. फ्लेक्स छापून झाला आणि तिसऱ्या दिवसाचे महाराज बदलले. मंडपात त्यांच्या नावावर पांढरा कागद चिकटवून मार्करनं नवं नाव लिहिलं. वेलांटी माझ्या हातानं, बरोबर जागेवर.