मी ईएमटी का झाले

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत माझ्या कामाबद्दल लिहायला मिळतंय, याचा मनापासून आनंद आहे. मी गोव्यात १०८ च्या रुग्णवाहिकेवर ईएमटी, म्हणजे आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ म्हणून काम करते. गावी आले की नववी-दहावीतल्या मुली हटकून विचारतात, "ताई, याच कामात का गेलीस?" त्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर इथे देते.

जीव वाचवायची ओढ, हे उत्तर सगळे देतात आणि ते खोटं नाही. ती ओढ नसेल तर या वाटेला कुणी जाऊच नये. पण त्या ओढीवर पहिलं वर्ष निघतं, पुढची निघत नाहीत. सायरन, वेग, गर्दीतून वाट काढणं यांचं अप्रूप तर महिन्याभरात संपतं. पुढे टिकतो तो, ज्याला छोटी छोटी कामं मोजून, क्रमाने आणि दर वेळी तितक्याच नीटपणे करायला आवडतात. मला ती आवडतात म्हणून मी इथे आहे. प्रयोगशाळेत मोजपात्राचं वाचन डोळा पाण्याच्या पातळीच्या रेषेत आणूनच घ्यायचं, ही आपल्या सरांची शिस्त होती. ऑक्सिजनच्या फ्लोमीटरमधली, म्हणजे मिनिटाला किती लिटर वायू जातोय ते दाखवणाऱ्या नळीतली गोळी वाचताना मी आजही तेच करते. डोळा समोर आणायचा आणि आकडा गोळीच्या मध्यावर वाचायचा.

आधी या सेवेबद्दल थोडं. १०८ ची सेवा ऑगस्ट २००५ मध्ये हैदराबादला सुरू झाली, गोव्यात ती २००८ पासून आहे. महाराष्ट्रात ती २०१४ मध्ये आली आणि तिथे गाडीवर डॉक्टर असतात. गोव्यात गाडीवर दोघंच, ईएमटी आणि पायलट. चालकाला आमच्याकडे पायलटच म्हणतात. औषधाबद्दल निर्णय घ्यायचा असला तर फोनवर ईआरसीपी, म्हणजे नियंत्रण केंद्रातले डॉक्टर असतात. पण डॉक्टरांना पेशंट दिसत नाही, मी सांगते तेवढंच कळतं. माझं सांगणं अचूक असेल तरच त्यांचा सल्ला अचूक येणार. म्हणून मोजणं महत्त्वाचं.

शिफ्ट बारा तासांची. तिची पहिली वीसेक मिनिटं तपासणीत जातात आणि माझ्या मते अर्धी नोकरी तिथेच होते. ऑक्सिजनचंच घ्या. 'बी' टाइप सिलेंडरची पाण्याची क्षमता १० लिटर, आणि पूर्ण भरलेला असताना दाब साधारण १५० किलो प्रति चौरस सेंटिमीटर. दोन्हींचा गुणाकार केला की आत किती वायू आहे ते कळतं : १५०० लिटर. दाब आणि आकारमानाचा जो नियम आपण विज्ञानाच्या पुस्तकात शिकलो, तो हाच. आता समजा काटा ६० वर आहे. ६० गुणिले १०, म्हणजे ६०० लिटर. त्यातला शेवटचा १५ चा दाब राखीव सोडायचा, उरले ४५० लिटर. पेशंटला मिनिटाला १० लिटर लागत असेल तर ४५ मिनिटं. सावंतवाडीहून बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज साठ किलोमीटरच्या आसपास आहे. सिंधुदुर्गातले कितीतरी पेशंट महामार्गाने तिथे येतात आणि तासाभरापेक्षा जास्त वेळ लागू शकतो. म्हणजे काटा अर्ध्याच्या जवळ दिसत असला तरी तेवढ्या प्रवासाला तो सिलेंडर पुरणार नाही. काटा बघणारे पुष्कळ असतात, गुणाकार करणारे कमी.

सिलेंडर भरलेला असूनही ऑक्सिजन मिळत नाही असंही होतं. रेग्युलेटर आणि सिलेंडर यांच्यामधलं वॉशर झिजलेलं असतं आणि फुसफुस आवाज येत राहतो. सिलेंडर उघडायची चावीच जागेवर नसते. ह्युमिडिफायरच्या, म्हणजे ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या पाण्याच्या बाटलीचं झाकण आट्यांवर तिरकं बसलेलं असतं, मग गोळी वर दिसते पण नळीतून काहीच येत नाही. म्हणून नळीचं टोक गालाजवळ धरून वारा लागतो का ते बघायचं. पिशवीवाला मास्क लावायच्या आधी त्याच्या झडपेवर बोट ठेवून पिशवी पूर्ण फुगवून घ्यायची आणि प्रवाह १० ते १५ लिटर ठेवायचा. प्रवाह कमी ठेवला की पेशंटच्या प्रत्येक श्वासाला पिशवी चपटी होते आणि तो गुदमरल्यासारखा मास्क ओढून काढतो. नातेवाईकांना वाटतं, पेशंट ऐकत नाही. खरं तर त्याला हवाच मिळत नसते. आणि जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त चांगलं, असंही नाही. वर्षानुवर्षं दम्यासारखा जुनाट फुप्फुसाचा आजार, म्हणजे सीओपीडी असलेल्या माणसात पल्स ऑक्सिमीटरचा आकडा ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवायचा असतो. बोट गार असेल किंवा नखाला नेलपॉलिश असेल तर तो आकडाही फसवतो.

बाकीची तपासणी भराभर होते. सक्शन मशीन, म्हणजे तोंडातली लाळ, उलटी ओढून काढणारं यंत्र, नुसतं चालू करून भागत नाही, नळीवर अंगठा दाबून ओढ बघायची आणि चार्जिंग बघायचं. एईडीचे, म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचे पॅड मुदतीतले हवेत, कारण त्यांवरचा जेल सुकला की ते छातीला चिकटत नाहीत. सोबत वस्तरा आणि कोरडं फडकं हवंच, घामाने ओल्या छातीवर नवे पॅडही निसटतात. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची तारीख, स्ट्रेचरचे पट्टे, टॉर्च, हातमोजे हेही बघून घ्यायचं.

आता श्वास मोजण्याबद्दल सांगते, कारण सगळ्यात जास्त टाळाटाळ यात होते. नाडी आणि रक्तदाब मशीन दाखवतं, श्वास डोळ्यांनी मोजावे लागतात. पेशंटला सांगितलं की त्याचा श्वास बदलतो, म्हणून नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरून ठेवायचं आणि नजर छातीवर ठेवायची. तान्ह्या बाळाचा श्वास अनियमित असतो, तिथे पूर्ण ६० सेकंद मोजायचे. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला ३० च्या वर गेला की तो बोलत असला, बसलेला असला तरी प्रकरण गंभीर आहे असं समजून चालायचं. पाच शब्दांचं वाक्य एका दमात बोलता येत नसेल तर आकडा हाती येण्याआधीच ते कळतं.

माझ्या मते या कामाची खरी ओळख बाळंतपणात होते. १०८ ला येणाऱ्या केसेसमध्ये बाळंतिणी पुष्कळ असतात. डोकं दिसायला लागलं असेल तर पायलटला सांगून गाडी बाजूला घ्यायची आणि एसी बंद करायचा. हा एसीचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण ओलं बाळ थंड हवेत झपाट्याने गार पडतं आणि गार पडलेल्या बाळाचा श्वास मंदावतो. डोकं बाहेर आलं की बोट फिरवून मानेभोवती नाळ आहे का ते बघायचं. सैल असेल तर डोक्यावरून काढायची. खांद्यांसाठी ओढाओढ नाही, हळुवार आधार द्यायचा. बाळ आलं की कोरड्या कपड्याने जोर लावून पुसायचं. हे पुसणंच त्याला रडायला लावतं, उलटं धरून पाठीवर मारायची जुनी पद्धत चुकीची आहे. ओला कपडा लगेच बाजूला टाकायचा, दुसरा कोरडा घ्यायचा आणि बाळाला आईच्या छातीवर ठेवून दोघांना एकत्र पांघरायचं. बाळ रडत असेल तर नाळ बांधायची घाई करायची नाही, एक ते तीन मिनिटं थांबायचं. पुसूनही श्वास सुरू होत नसेल तर मात्र जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटाच्या आत अँबू बॅगने, म्हणजे मास्क लावलेली पिशवी हाताने दाबून, श्वास द्यायला लागायचं, मिनिटाला ४० ते ६०, आणि बाळाची छाती जेमतेम उचलेल इतकाच दाब. वार, म्हणजे प्लासेंटा, आपोआप येऊ द्यायची. नाळ ओढली तर गर्भाशय उलटू शकतं आणि रक्तस्राव आवरत नाही. आलेली वार पिशवीत घालून हॉस्पिटलला द्यायची, तिचा तुकडा आत राहिलाय का हे तिथले डॉक्टर बघतात.

यात कुठेही अचाट धाडस नाही. कोरडा कपडा, बंद केलेला एसी, घड्याळाकडे लक्ष आणि न ओढलेली नाळ. हेच मला या कामात विलक्षण वाटतं आणि हेच माझं खरं कारण.

मनाची तयारी दुसऱ्या बाजूनेही लागते. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब द्यायचा, तो ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, दर दोन मिनिटांनी माणूस बदलून, कारण दमलेला हात खोलवर जात नाही आणि दमलोय हे त्याला स्वतःला कळत नाही. हे सगळं बिनचूक केलं तरी हॉस्पिटलबाहेर हृदय बंद पडलेली बहुतेक माणसं वाचत नाहीत. कुणाचं तरी बंद हृदय आपल्या हाताने सुरू व्हावं, एवढ्याच आशेने जो येतो, तो लवकर खचतो. त्या दिवशी आपण जे करायला हवं ते वेळेत केलं का, याचं उत्तर स्वतःला देता येणं हा आधार असावा लागतो. शिवाय रात्रपाळ्या असतात, गणपतीतही ड्युटी लागते, पगार फार मोठा नसतो. कंबर तर सगळ्यांचीच कुरकुरते. स्ट्रेचर उचलताना पाठ सरळ, गुडघे वाकवलेले, वजन मांड्यांवर, आणि उचलायची 'एक, दोन, तीन' ही मोजणी डोक्याकडच्या माणसाने करायची, हे पहिल्या दिवसापासून पाळलं तरच पंधरा-वीस वर्षं काम करता येतं.

ज्यांना यायचं आहे त्यांच्यासाठी : बारावी सायन्सनंतर ईएमटीचे अभ्यासक्रम आहेत, आपत्कालीन सेवेतली पदवीही आहे. सायन्सचे पदवीधर आणि नर्सिंग झालेली मुलंही या कामात येतात. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने जे सहयोगी आरोग्य व्यवसाय आयोगाच्या कक्षेत आणले, त्यांत हाही आहे. त्यामुळे मान्यता असलेली संस्थाच निवडा. कोर्समध्ये प्रत्यक्ष रुग्णवाहिकेवर आणि कॅज्युअल्टीत किती तास काम मिळणार हे आधी विचारा. नुसत्या वर्गात शिकवणारा कोर्स घेऊ नका.

शाळेला एक विनंती आहे. आठवीपासून पुढच्या मुलांना १०८ ला फोन कसा करायचा हे शिकवूया. आधी ठिकाण सांगायचं. नुसतं गावाचं नाव पुरत नाही. वाडी, जवळचं देऊळ किंवा शाळा, कुठल्या तिठ्यावरून आत वळायचं ते सांगायचं. मग काय झालं, माणूस शुद्धीवर आहे का, श्वास घेतोय का. समोरच्याने सांगितल्याशिवाय फोन ठेवायचा नाही, आणि एकाने बॅटरी घेऊन तिठ्यावर उभं राहायचं. पावसाळ्याच्या रात्री आपल्याकडच्या वाड्यांमध्ये घर शोधण्यात जाणारी दहा मिनिटं त्या एका बॅटरीने वाचतात. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलीस किंवा हॉस्पिटल अडकवून ठेवू शकत नाही, मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने तसं संरक्षण आलंय, हेही पालकसभेत सांगूया.

छातीदाबाचा सराव मी स्वतः येऊन घेईन. दोन पुतळे लागतील, चाळीस मुलांचा एक वर्ग दीड-दोन तासांत होतो. फक्त तो एकदाच घेऊन थांबू नये. शिकलेलं तीन ते सहा महिन्यांत हातातून जायला लागतं, तेव्हा पहिला वर्ग जुलैत धरला तर दुसरा जानेवारीत, स्नेहसंमेलनाची गडबड संपल्यावर ठेवावा.