मोबिलिटी स्कूटरचं साधं हँडल लॉक: कामाची नोंद, दुसरा टप्पा

गाडी: चारचाकी मोबिलिटी स्कूटर (चालायला त्रास असलेल्यांची बॅटरीवरची, बसून चालवायची गाडी), २४ व्होल्ट (१२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या मालिकेत), बॅटऱ्यांसह वजन ११० किलोच्या आसपास. हँडलचा दांडा लोखंडी नळीचा, बाहेरचा व्यास ३२ मिमी. बाहेरची हेड ट्यूब (दांडा जिच्यात फिरतो ती चेसिसची नळी) ४८ मिमी. हँडल सरळ असताना चाकं सरळ, पूर्ण डावीकडे वळवल्यावर दांडा ४२ अंश फिरतो. पुढचे सगळे आकडे याच गाडीचे आहेत. आपल्या गाडीची मापं कॅलिपरने घेऊन बदलून घ्या.

लॉक कशासाठी, ते आधी. या गाड्यांची किल्ली म्हणजे नावाला किल्ली. बऱ्याच मॉडेलांत सगळ्या गाड्यांना एकच किल्ली लागते, काहींत तर चक्क ऑडिओचा मोनो जॅक असतो. आणि किल्ली नसली तरी मागचा फ्रीव्हील खटका ओढला की मोटरवरचा ब्रेक सुटतो आणि गाडी ढकलत नेता येते. म्हणून नुसतं इलेक्ट्रिकल इमोबिलायझर (गाडी सुरू होऊ न देणारं सर्किट) लावून भागत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चोरीपेक्षा मुलांचा त्रास मोठा: सीटवर बसून हँडल गरागरा फिरवतात, आणि दांड्यातून खाली जाणाऱ्या वायरींवर त्याचा ताण येतो.

मर्यादाही सांगून टाकू. हँडल पूर्ण वळवून अडकवलं की ढकललेली गाडी जागच्या जागी गोल फिरते. पण पुढचा भाग उचलला तर मागच्या चाकांवर ती सरळ जाते. वजन काट्यावर या गाडीचा पुढचा भार ३८ किलो भरतो, म्हणजे एक धडधाकट माणूस तो उचलू शकतो. रात्रभर बाहेर उभी राहणारी गाडी चेसिसमधून साखळी घालून खांबालाच बांधायला हवी. लहान फोल्डिंग मॉडेलांत बॅटरीचा डबा त्याच्या मुठीला धरून उचलून नेता येतो, त्याला हे लॉक काहीच करत नाही.

पहिल्या टप्प्यात दोन तयार कुलपं तपासून बाद केली. ड्रॉवरचं कॅम लॉक: बॉडी झिंक डायकास्ट, पुढची पट्टी एका बारीक स्क्रूवर, हँडलला हिसका दिला की तो स्क्रू जातो. शोकेसच्या काचेला लावतात ते दाबायचं लॉक: पिन बरी आहे, पण पावसाळ्यात सिलिंडर जाम होतो आणि ते बसवायला हेड ट्यूबला मोठं भोक पाडावं लागतं. त्यामुळे आता कुलूप वेगळं आणि अडकवण्याची जागा वेगळी. कुलूप बिघडलं तर नवं आणायचं, बाकी काही हलवायचं नाही.

रचना सोपी आहे. दांड्याला एक कॉलर (आवळून बसवायचं कडं), तिला पुढे आलेली ६ मिमी जाडीची एमएस (माइल्ड स्टील) पट्टी. ही हँडलबरोबर फिरते. तिच्या खाली ३ मिमी फट ठेवून हेड ट्यूबला पक्की केलेली दुसरी ६ मिमी पट्टी. दोन्हींची भोकं एका रेषेत आली की त्यातून ५० मिमी कुलपाची ८ मिमी कडी. भोकाचं केंद्र दांड्याच्या केंद्रापासून ६० मिमीवर. खालच्या पट्टीत दोन भोकं: एक सरळ स्थितीसाठी, एक पूर्ण डावीकडच्या. ६० मिमी त्रिज्येवर ४२ अंशाला दोन केंद्रांत सरळ अंतर ४३ मिमी येतं. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून गाडीवर फिरवून बघा, मग पंच मारा. खालच्या पट्टीची बाहेरची कड ७२ मिमी त्रिज्येच्या कमानीत घासा, म्हणजे कडीचा दुसरा पाय दोन्ही जागी कडेबाहेर नीट उतरतो.

वरचं भोक १० मिमी, खालचं ९. दोन्ही ९ केले तर हँडल कमी हलतं, पण थरथरत्या हाताने कडी घालणं कठीण जातं. वरच्या भोकाला काउंटरसिंकने तिरका काठ द्या. या मापांत मुठीच्या टोकाला (केंद्रापासून २५० मिमी) साधारण १२ मिमी खेळ राहतो, तो चालतो. दोन पट्ट्यांतली फट मात्र ३ मिमीहून वाढवू नका. फट वाढली की कडीवर कातरण्याऐवजी वाकवणारा ताण येतो.

कुलूप पूर्ण डावीकडच्या भोकातच लावायचं. सरळ स्थितीत का नको, हा प्रश्न हमखास येतो. सरळ अडकवलेली गाडी चोराला सरळ ढकलता येते, हे एक. खरं कारण दुसरं आहे. कुलूप काढायचं विसरून गाडी सुरू केली, तर सरळ अडकलेलं हँडल पहिल्या वळणापर्यंत कळतच नाही, आणि ते वळण रस्त्याच्या कडेला किंवा उतारावर असू शकतं. पूर्ण वळलेलं असेल तर बसतानाच दिसतं, नाहीतर पहिल्या फुटातच गाडी गोल फिरायला लागते. म्हणून सरळ भोक फक्त गाडी टेम्पोत चढवताना वापरायचं, तेही कुलूप न लावता: एक ८ मिमी बोल्ट आणि आर-पिन (बोल्ट निसटू न देणारी स्प्रिंगची पिन). तीनचाकी गाडीत पूर्ण वळलेल्या चाकावर वेग घेतला तर कलंडायची भीती असते. तिथे वेगाची चकती कमीतकमीवर ठेवूनच उभी करा.

डावी बाजू निवडली कारण उतरणं उजवीकडून आहे. हँडल डावीकडे वळलं की उजवी मूठ पुढे जाते आणि गुडघ्याला जागा मोकळी होते. डावीकडून उतरत असाल तर सगळं उलट करा.

कॉलर हा या कामातला खरा कस. दांड्याला भोक पाडायचं नाही, वेल्डही करायचा नाही. तिथे चीर गेली तर हँडल हातात येतं. २० मिमी जाडीच्या एमएस ठोकळ्यात लेथवर ३२ मिमी बोअर, मग मधून कापून दोन अर्धे. दोन्हीकडे एकेक एम८ अॅलन बोल्ट, ग्रेड ८.८. पट्टी एका अर्ध्याला वेल्ड करायची, तीही गाडीपासून दूर. गाडीवर वेल्डिंग केलं तर कंट्रोलर (मोटर चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) जाऊ शकतो आणि स्टिअरिंगचे नायलॉन बुश वितळतात.

आता हिशेब. माणसाने दोन्ही मुठी प्रत्येकी ३० किलो जोराने ओढल्या तर दांड्यावर साधारण १५० न्यूटन-मीटर पीळ येतो. ६० मिमीवर तो २५०० न्यूटन होतो. ८ मिमी कडीत ताण ५० न्यूटन प्रति चौरस मिमी, म्हणजे कडी निवांत. पण बोल्ट २२ न्यूटन-मीटरने आवळले तर नुसत्या घर्षणावर कॉलर १३० च्या आसपासच पेलते. म्हणजे कुलूप शाबूत राहून कॉलर सरकते. उपाय: कॉलर बसते तिथे २० मिमी रुंदीत दांड्याचा रंग खरवडायचा, थिनरने पुसायचा, अॅराल्डाइटचा पातळ थर देऊन कॉलर आवळायची आणि २४ तास हात लावायचा नाही. कॉलर आणि दांडा दोन्हींवर एक सलग रंगाची रेघ ओढा. ती तुटलेली दिसली की कॉलर सरकली. दांडा अॅल्युमिनियमचा असेल तर ही पद्धत नको, नळी चेपते. तिथे आधीपासून वेल्ड केलेली स्टॉपची पट्टी (हँडलचं फिरणं टोकाला अडवणारी) शोधा आणि वेल्डपासून दूर तिच्यातच भोक पाडा.

अॅलन बोल्टची डोकी उघडी राहिली तर चोराला ६ नंबरची अॅलन की पुरे. डोक्याच्या खाचेत साडेपाच मिमीचा छर्रा टाकून वर मेण भरलं आहे. काढायचं झालं तर मेण गरम करून चुंबकाने छर्रा उचलता येतो. खालची पट्टी दोन एम८ यू-बोल्टवर आहे, नट प्लास्टिकच्या आवरणाच्या आत येतात, नायलॉक (आत नायलॉनची रिंग असलेले, सैल न होणारे) वापरा.

चाचणी: सामान तोलायचा ५० किलोचा डिजिटल काटा मुठीच्या टोकाला अडकवून ३० किलोपर्यंत ओढलं, मग दोन्हीकडून दोन काट्यांनी. रेघ जागेवर, पट्ट्या सरळ. त्यानंतर कुलूप काढून हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहिलं. वरची पट्टी वायरींच्या जुडग्याला ५ मिमीहून जवळ येता कामा नये. थ्रॉटलची वायर घासली तर कंट्रोलर फॉल्ट दाखवून गाडी भर रस्त्यात थांबते.

कुलूप घेताना एक गोष्ट पाहा. उघडं असताना चावी अडकून राहते अशी कुलपं मिळतात, ती नको. गाडीची किल्ली चाव्यांच्या त्याच रिंगमध्ये असते, मग गाडी सुरू कशी करणार? चावीच्या डोक्याला दोन इंच लाकडी पट्टी चिकटवली की संधिवाताच्या बोटांनाही फिरवता येते. सिलिंडरमध्ये तेल नको, धूळ धरतं. ग्रॅफाइट पूड घाला आणि चावीचं तोंड खाली राहील असं लटकवा. रेड ऑक्साइडचे दोन हात, वर एनॅमल. कोकणपट्टीत भोकांच्या आतल्या काठांवरही रंग जायला हवा, गंज तिथूनच सुरू होतो.

राहिलेलं काम: इंटरलॉक, म्हणजे कुलूप असताना गाडी चालूच न देणारी जोडणी. बहुतेक गाड्यांत चार्जिंगच्या तीन पिनी एक्सएलआर सॉकेटमधली तिसरी पिन इनहिबिटची (गाडी चालणं रोखणारी) असते. चार्जर लावल्यावर गाडी चालत नाही ती हिच्यामुळे. कडी भोकात असताना दाबला जाणारा सीलबंद मायक्रोस्विच ही वायर बॅटरीच्या निगेटिव्हला जोडेल, आणि कुलूप असताना थ्रॉटल दाबला तरी गाडी हलणार नाही. काही कंट्रोलरांत ही जोडणी उलट सेट केलेली असते, त्यामुळे आधी मॅन्युअल, मग मल्टिमीटर, आणि या वायरीत अर्धा अँपिअरचा फ्यूज. स्विच खालच्या पट्टीच्या पोटाला बसेल, पण चिखल तिथेच उडतो. रबरी झाकणाचा नमुना कापून झाला आहे, पावसाळ्यात तो कसा टिकतो ते पुढच्या नोंदीत.