तुम्ही विचारलंत म्हणून: पंचवीस वर्षं 'हॅज' की 'हॅव'?

मी इंग्रजी शिकवते हे एकदा कळलं की ओळखीतली माणसं दोनच कारणांनी फोन करतात. मुलाची परीक्षा, नाहीतर कुणाचा तरी रौप्यमहोत्सव. दुसऱ्या प्रकारच्या फोनवरचा प्रश्न ठरलेला असतो. लग्नाच्या जुन्या फोटोखाली किंवा निरोपसमारंभाच्या भाषणात काय लिहायचं, 'ट्वेंटी फाइव्ह इयर्स हॅज पास्ड' की 'हॅव पास्ड'?

हॅव. वर्षं अनेक, म्हणून क्रियापदही अनेकवचनी. इथे फोन ठेवायला हरकत नसते. पण विचारणारा चिकित्सक निघाला तर दोन दिवसांनी पुन्हा फोन येतो: "अहो, पेपरात तर 'ट्वेंटी फाइव्ह इयर्स इज अ लाँग टाइम' असं छापलंय. ते चूक का?"

तेही बरोबर. आणि दोन्ही बरोबर कसं, हे मराठी माणसाला सांगावं लागतं याचंच मला नवल वाटतं, कारण आपण रोज हेच करतो. 'पंचवीस वर्षं झाली' म्हणताना क्रियापद अनेकवचनी. तोच माणूस पुढच्या श्वासात म्हणतो, 'पंचवीस वर्षं हा काही थोडा काळ नाही.' इथे 'हा' आला, 'नाही' आलं, सगळं एकवचनी. तिथे 'नाहीत' कुणाच्या तोंडून चुकूनही येत नाही. वर्षं एकामागून एक सरत असली तर हॅव. त्यांचं गाठोडं बांधून वजन करायचं असलं तर इज. पैशांचं आणि अंतराचंही तेच: 'फाइव्ह हंड्रेड रुपीज इज इनफ', 'टेन किलोमीटर्स इज नॉट फार'.

बी.ए.ला इंग्रजी साहित्य घेतलेल्यांना वर्ड्‌स्वर्थची टिंटर्न ॲबीवरची कविता आठवत असेल. तो १७९३ साली वाय नदीकाठी आला होता, मग पुन्हा १७९८च्या जुलैमध्ये आला. कविता सुरू होते ती 'फाइव्ह इयर्स हॅव पास्ड. फाइव्ह समर्स, विथ द लेंग्थ ऑफ फाइव्ह लाँग विंटर्स' अशी. पाच वर्षं म्हणून त्याचं भागत नाही. तो पाच उन्हाळे वेगळे मोजतो, पाच लांबलचक हिवाळे वेगळे मोजतो. असा मोजत बसलेला माणूस 'हॅज' म्हणेलच कसा?

आता याच्या उलट उदाहरण देते, नाहीतर तुम्ही याचाही नियम करून भिंतीवर लावाल. १६११च्या किंग जेम्स बायबलात नव्वदाव्या स्तोत्रात देवाला उद्देशून म्हटलंय: 'अ थाउजंड इयर्स इन दाय साइट आर बट ॲज यस्टरडे व्हेन इट इज पास्ट.' हजार वर्षं म्हणजे तुझ्या लेखी सरून गेलेला कालचा एक दिवस. म्हणजे गाठोडं बांधलेलं आहे, तरी क्रियापद 'आर'. तेव्हा बाण मारल्यासारखा नियम इथे नाही, आपण त्या वर्षांकडे कसं बघतोय एवढंच आहे. जाता जाता त्याच ओळीतलं 'इज पास्ट' बघा. जाण्यायेण्याच्या क्रियापदांना 'हॅज'ऐवजी 'इज' लावायची इंग्रजीची जुनी रीत होती. आज कुणी 'फाइव्ह इयर्स आर पास्ड' लिहिलं तर मात्र मी लाल पेन उचलते.

मग हे 'हॅज' लोकांच्या कानात बसलं कुठून? माझा संशय 'इट हॅज बीन ट्वेंटी फाइव्ह इयर्स' या वाक्यावर आहे. तिथे कर्ता 'इट' आहे, म्हणून पंचवीस काय आणि पाचशे काय, 'हॅज'च. ब्रिटिश वळणात याच जागी 'इट इज ट्वेंटी फाइव्ह इयर्स सिन्स' असंही म्हणतात, 'हॅज बीन' अमेरिकेत जास्त; आता सरमिसळ झाली आहे. लग्नाच्या फोटोखाली मी बहुतेकांना हेच सुचवते: 'इट हॅज बीन ट्वेंटी फाइव्ह इयर्स सिन्स वुई गॉट मॅरिड.' 'आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली'च्या हे सगळ्यात जवळचं. फक्त 'सिन्स'नंतर साधा भूतकाळ ठेवा, तिथे आणखी एक 'हॅव' घुसवू नका.

दीड वर्षाची गंमत वेगळी. मराठीत 'दीड वर्ष झालं', एकवचन; अडीच झाली की मग अनेकवचन. इंग्रजीत एकाच्या पुढे गेलं की अनेकवचन, म्हणून 'वन अँड अ हाफ इयर्स हॅव पास्ड'. पण हेच फिरवून 'अ इयर अँड अ हाफ' म्हटलंत की 'हॅज'. आणि 'मोर दॅन वन इयर' म्हणजे अर्थानं एकाहून जास्त, तरीही 'हॅज', कारण क्रियापदाशेजारी 'वन इयर' बसलंय. इथे तर्क शोधू नका, पाठ करा.

खरं सांगायचं तर 'हॅज-हॅव'पायी कुणाचं अडत नाही. अडतं ते 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स'पायी, आणि ते कुणी विचारतच नाही. दोष आपल्या 'पासून'चा. '२०१९पासून' आणि 'पाच वर्षांपासून', दोन्हीकडे एकच शब्द चालतो. इंग्रजीनं वाटणी केली आहे: जिथून मोजायला सुरुवात केली त्या टोकाला 'सिन्स', लांबीला 'फॉर'. शिवाय काम अजून चालू असेल तर आपण सरळ वर्तमानकाळात 'करतोय' म्हणतो. इंग्रजीला तिथे 'हॅव बीन वर्किंग' लागतं. यात आपण एकटे नाही. जर्मनचं 'झाइट' आणि फ्रेंचचं 'दप्वी' आपल्या 'पासून'सारखंच टोकालाही चालतं आणि लांबीलाही, वर त्यांनाही तिथे वर्तमानकाळच पुरतो. त्यामुळे बर्लिनचा इंजिनिअरही इंग्रजी बोलताना नेमका इथेच घसरतो.

बोलण्यात कुणी 'सिन्स फाइव्ह इयर्स' म्हटलं तर मी गप्प बसते. आपल्याकडे समोरच्याला ते कळतं, आणि गप्पांमध्ये व्याकरण काढणारा माणूस कुणालाच नको असतो. नोकरीच्या अर्जात मात्र सोडत नाही, कारण तिथे काळ चुकला की माहिती बदलते. 'आय हॅव वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स' म्हणजे तुम्ही अजून तिथेच आहात. 'आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स' म्हणजे ती नोकरी सुटली. वाचणारा तुम्हाला ओळखत नाही; तो क्रियापदावरूनच ठरवणार.

त्याच अर्जात खाली बहुधा 'आय हॅव पास्ड बी.कॉम. इन १९९८' असतं. हेही मराठीतूनच आलंय. 'मी १९९८ साली बी.कॉम. झालेलो आहे' यातला 'आहे' आपल्याला खटकत नाही. इंग्रजीत मात्र सरलेलं साल, 'यस्टरडे' किंवा 'लास्ट इयर' वाक्यात आलं की 'हॅव' बाहेर. नुसतं 'आय पास्ड'.

'अगो'लाही हाच नियम, आणि त्याचं कारण त्या शब्दाच्या पोटातच आहे. 'अगो' म्हणजे 'अगोन', निघून जाणं या अर्थाच्या एका जुन्या क्रियापदाचं रूप. 'फाइव्ह इयर्स अगो' म्हणजे मुळात 'पाच वर्षं गेली'. म्हणून तर तो वर्षांच्या मागे उभा राहतो. लिंकननं १९ नोव्हेंबर १८६३ला गेटिसबर्गला भाषण सुरू केलं ते 'फोर स्कोअर अँड सेव्हन इयर्स अगो अवर फादर्स ब्रॉट फोर्थ' असं. 'ब्रॉट', 'हॅव ब्रॉट' नाही. स्कोअर म्हणजे वीस, म्हणजे चार विसा आणि सात. खेड्यातल्या ज्या आज्या विसांत हिशोब करायच्या, त्यांनी एका दमात सत्त्याऐंशी सांगितले असते. १८६३मधून ते वजा केले की १७७६ येतं, अमेरिकेनं स्वातंत्र्य जाहीर केलं ते साल.