किरणोत्सव, डोळा आणि ‘हे सगळं कुणी केलं?’

कोल्हापूर, १० नोव्हेंबर

आज किरणोत्सवाचा मधला दिवस. मावळतीची किरणं महाद्वारातून शिरतात, गरुड मंडपातून पुढे सरकतात आणि गाभाऱ्यात अंबाबाईच्या मूर्तीवर पडतात. आधी चरण, मग कंबर, मग मुख, असा परंपरेने सांगितलेला क्रम. वर्षातून दोनदा हे घडतं: ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. ढग आले, हवेत धूळ जास्त झाली किंवा वाटेत एखादं बांधकाम आडवं आलं की किरणं अर्ध्यातच थांबतात, आणि मग गावभर त्याचीच चर्चा.

या तारखांमागे साधी भूमिती आहे. २१-२२ डिसेंबरला सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो. १० नोव्हेंबर त्याच्या सुमारे ४१ दिवस अलीकडे, १ फेब्रुवारी जवळपास तितकीच पलीकडे. दोन्ही दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण १७ अंशांवर असतो, म्हणून क्षितिजावर एकाच ठिकाणी मावळतो. पश्चिमेला तोंड असलेल्या मंदिराचा अक्ष त्या ठिकाणाशी जुळला की उजेड वर्षातून दोनदाच आतपर्यंत पोचणार. हे ज्यांनी साधलं त्यांनी वर्षानुवर्षं क्षितिज निरखलं असणार. देव न मानणाऱ्याचीही मान त्यांच्यापुढे लवते.

आणि नेमका इथेच तो जुना प्रश्न येतो. मंदिराला बांधणारा लागला, मग डोळ्यासारख्या नाजूक यंत्राला बांधणारा नको? प्रश्न चांगला आहे. त्याची टर उडवणाऱ्या नास्तिकाने विचार करायचे कष्ट घेतलेले नसतात.

मंदिर माणसांनी बांधलं हे केवळ त्याच्या गुंतागुंतीवरून कळत नाही. दगडावर छिन्नीचे घाव असतात, त्याच पद्धतीची दुसरी मंदिरं असतात, कारागिरांची परंपरा असते. मुख्य म्हणजे दगडाला पिल्लं होत नाहीत. ज्या वस्तूपासून तिच्यासारखीच दुसरी वस्तू जन्मते, जन्मताना थोडा फरक पडतो आणि तो फरक पुढच्या पिढीत उतरतो, तिथे बांधणाऱ्याशिवायही रचना उभी राहू शकते. डार्विनने १८५९ मध्ये मांडलेल्या विचाराचा गाभा हाच. त्यामुळे शरीरात रचना आहे का, हा प्रश्नच नाही. त्या रचनेवर खुणा कशाच्या आहेत, हे तपासायचं.

डोळ्यावरच तपासू. कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली काढा. तिच्या उजवीकडे बरोबर ८ सेंटिमीटरवर ४-५ मिलिमीटरचा काळा ठिपका काढा. डावा डोळा हाताने झाका. उजव्या डोळ्याने फुलीकडेच बघत कागद हातभर अंतरावरून सावकाश जवळ आणा. साधारण ३० सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होतो. आणखी जवळ आणला की परत दिसतो. ठिपका जात नसेल तर बहुतेक वेळा नजर फुलीवरून घसरलेली असते, नाहीतर कागद तिरका धरलेला असतो.

कारण असं की आपल्या डोळ्यात दृष्टिपटलावरचे, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या मागच्या पडद्यावरचे, चेतातंतू प्रकाशाच्या बाजूला, म्हणजे पुढे, पसरलेले आहेत. मेंदूकडे जायला त्यांना पटल भेदून बाहेर पडावं लागतं. त्या भोकापाशी प्रकाश टिपणारी पेशीच नाही. ऑक्टोपसच्या डोळ्यात तंतू मागच्या बाजूने निघतात, त्याला हा अंधबिंदू नाही. आपलं दृष्टिपटल गर्भावस्थेत मेंदूच्या भागातून फुगून बाहेर येतं, ऑक्टोपसचं त्वचेचा थर आत वळून बनतं. सुरुवात वेगळी, म्हणून शेवटही वेगळा. आपल्या मांडणीचे काही फायदे आहेत, प्रकाश टिपणाऱ्या पेशींना मागून भरपूर रक्तपुरवठा मिळतो हा त्यातला एक. पण भोक आहेच, आणि मेंदू ते आजूबाजूच्या चित्राने भरून काढतो. आधीचं मोडून कोऱ्या पाटीवर नव्याने आखायची सोय उत्क्रांतीला नसते, हाताशी आहे त्यातच बदल होत जातो. ‘देवाची तशीच इच्छा होती’ असं कुणी म्हणू शकतं. पण ते उत्तर अंधबिंदू असला तरी लागू पडतं आणि नसला तरी, म्हणून त्यातून काहीच तपासता येत नाही.

मुलांना ‘नैसर्गिक निवड’ व्याख्येतून कळत नाही, हाताने कळते. वर्तमानपत्राचं एक मोठं पान टेबलावर पसरा. त्याच वर्तमानपत्राच्या मजकुराच्या भागातून पंचिंग मशीनने १०० टिकल्या पाडा आणि गुलाबी घोटीव कागदाच्या १००. पानावर दोन्हींच्या ३०-३० टिकल्या विखरून टाका. मुलाने मान वळवायची, परत बघायचं, पहिली दिसेल ती एकच टिकली उचलायची. असं ३० वेळा. उरलेल्या ३० पैकी प्रत्येकीला तिच्याच रंगाचं एक पिल्लू द्या, म्हणजे पुन्हा ६० होतील. तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत गुलाबी टिकल्या नावाला उरतात. बिघडतं कुठे, तर पंखा चालू असतो, मुलं मूठभर उचलतात, किंवा मशीनमधल्या टिकल्या एकमेकींना चिकटून जोडीने पडतात. फोटोच्या भागातून टिकल्या पाडल्या तर त्या काळ्याकुट्ट येतात आणि ठळक दिसतात, म्हणून मजकुराचाच भाग हवा.

मग मुलाला विचारा: एका तरी टिकलीने रंग बदलला का? नाही. बदललं ते टिकल्यांमधलं प्रमाण. हे एकदा पक्कं झालं की निम्मे गैरसमज गळून पडतात. नंतर सगळ्या गुलाबीच टिकल्या घेऊन खेळा: कितीही फेऱ्या करा, काही बदलत नाही, कारण निवडायला फरकच नाही. डोळे मिटून उचलायला लावा: प्रमाण नशिबाने वरखाली होतं, ठरावीक दिशा राहत नाही. शिरोळ-हातकणंगल्याच्या भाजीपाल्याच्या शेतातही हेच चालतं. फवारणीत मेलेली कीड शिकत नाही. आधीपासून तग धरणारी जी थोडी असते तिचीच पिल्लं पुढच्या हंगामात भरतात. म्हणून डब्याचं नाव बदलून भागत नाही. आतला घटक वाचून वेगळ्या पद्धतीने मारणाऱ्या गटातलं औषध आलटून पालटून घ्यावं लागतं.

आपल्याकडचा सृष्टिवाद, म्हणजे सृष्टी देवाने घडवली हा विश्वास, पाश्चात्त्यांसारखा नाही. तिकडे आयर्लंडच्या आर्चबिशप अशरने १७ व्या शतकात सृष्टीचा आरंभ इसवी सनपूर्व ४००४ मध्ये बसवला, आणि १९२५ मध्ये अमेरिकेत टेनेसी राज्यात उत्क्रांती शिकवल्याबद्दल एका शिक्षकावर खटला चालला. आपल्या घरात पूजेच्या संकल्पातच ‘श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, कलियुगे प्रथमचरणे’ येतं, म्हणजे काळ कोटींत मोजलेला. म्हणून पृथ्वीच्या वयावरून इथे कुणी भांडत नाही, उलट ‘पूर्वजांना ते माहीतच होतं’ असं सांगितलं जातं. हिशोब करून बघू. महायुग ४३,२०,००० वर्षांचं. सहा मन्वंतरं झाली, प्रत्येकात ७१ महायुगं. सातव्यातली २७ संपली, २८ व्यातलं कलियुग चालू. संधिकाळ धरून बेरीज होते सुमारे १९७ कोटी वर्षं. पृथ्वीचं वय आहे सुमारे ४५४ कोटी. जुळवणारे घेतात तो ४३२ कोटींचा आकडा अख्ख्या कल्पाचा, म्हणजे ब्रह्मदेवाच्या एका दिवसाचा, आणि तो कल्प अजून निम्माही सरलेला नाही. शिवाय या हिशोबात मनू, म्हणजे माणसांचा मूळपुरुष, सुरुवातीपासून आहे. १९७ कोटी वर्षांपूर्वी मात्र पृथ्वीवर प्राणी नव्हते, जीवसृष्टी बहुतांशी सूक्ष्मजीवांची होती. आपल्या जातीचे सर्वांत जुने जीवाश्म सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे. कोटींत विचार करणारी कल्पनाशक्ती मोठी होती, हे मान्यच. पण कल्पना म्हणजे मोजमाप नव्हे.

दशावताराचंही तसंच. मासा, कासव, वराह, नरसिंह हा क्रम उत्क्रांतीचा, असं आजही वर्गात सांगितलं जातं. ही जुळवाजुळव डार्विननंतरची, थिऑसॉफी या गूढवादी पंथाच्या मादाम ब्लाव्हाट्स्कींनी ती १८७७ मध्येच मांडली होती. पण कूर्म मत्स्याच्या पोटी जन्मत नाही, अर्धा सिंह अर्धा माणूस असा प्राणी कुठल्याच थरात सापडत नाही, आणि उत्क्रांती ही शिडी नाही, तिला फांद्या आहेत. ‘माणूस माकडापासून झाला तर आजची माकडं का उरली?’ याचं उत्तरही फांद्यांतच आहे. आजोबा एक असले म्हणून चुलत भाऊ नाहीसा होत नाही.

२०१८ च्या जानेवारीत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी औरंगाबादेत म्हटलं होतं की माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलं नाही. देशाच्या तिन्ही विज्ञान अकादमींनी त्याचा जाहीर प्रतिवाद केला. न पाहिलेल्या घटनेचाही माग लागतो. चिंपांझीला गुणसूत्रांच्या २४ जोड्या, आपल्याला २३. आपलं दुसरं गुणसूत्र तपासलं तर एरवी टोकाला असणारी टेलोमिअरची अक्षरमाला त्याच्या मधल्या भागात सापडते, आणि गुणसूत्राला एरवी एकच असणाऱ्या गुणसूत्रबिंदूच्या (सेंट्रोमिअरच्या) जोडीला दुसऱ्याचे अवशेषही. दोन गुणसूत्रं टोकाला टोक जोडली गेली, त्याची ही खूण. राज्य मंडळाच्या २०१८ सालच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा आहे. एनसीईआरटीने मात्र दहावीतून उत्क्रांती वगळली, आणि २०२३ मध्ये १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्रावर सह्या केल्या. त्यानंतर तिथे हा विषय बारावीच्या जीवशास्त्रात राहिला, म्हणजे ज्याने जीवशास्त्र घेतलं त्यालाच. ही गोष्ट मला फार लागते.

कारण सृष्टीची कथा इथे नुसती कथा राहिलेली नाही. ऋग्वेदातल्या पुरुषसूक्तात मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांच्याशी चार वर्ण जोडले गेले. याच कोल्हापुरात १८९९ मध्ये शाहू छत्रपतींना वेदोक्त मंत्र नाकारले गेले ते त्याच उतरंडीच्या जोरावर. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त ब्रह्मदेवाच्या मुखातून जन्माची गोष्ट शरीरशास्त्राचे साधे प्रश्न विचारून उलटीपालटी केली. कुठल्याही दोन माणसांच्या डीएनएत फरक सुमारे ०.१ टक्का. हे मुलाला नीट कळलं तर विटाळ आणि उच्च-नीच यांना शरीरात जागाच उरत नाही.

घरात काय करावं, याबद्दल माझं मत ठाम आहे. आरती म्हणू द्यावी, प्रसाद खाऊ द्यावा, जोतिबाला जाऊ द्यावं, गुलालात न्हाऊ द्यावं. आजीशी भांडायला मुलाला पुढे करू नये. ‘आजीला असं वाटतं, मला असं वाटतं, आणि मला तसं का वाटतं ते हे’ एवढं पुरे. देव शिक्षा करेल ही भीती, पाळीचा विटाळ आणि जात, या तीन गोष्टींना मात्र उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नये. ‘देव नाही’ हेही घोकून घेऊ नये, पाठ केलेलं ‘नाही’ आणि पाठ केलेलं ‘आहे’ यांत मुलाच्या दृष्टीने काही फरक नसतो.

शाळेबाबत संविधानाचं कलम २८ वाचून ठेवावं. संपूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही, मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. ती नसेल तर जूनमध्येच मुख्याध्यापकांच्या नावे चार ओळींचा अर्ज द्यावा, कलमाचा उल्लेख करावा, त्या वेळेत मूल वाचनालयात बसेल असं सुचवावं आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. भाषा नम्र ठेवावी. वर्गशिक्षकांना आधी तोंडी सांगितलेलं बरं, म्हणजे मुलाला सगळ्यांसमोर उभं करून कारण विचारलं जात नाही.