१७ शाफ्ट आणि एक वही

लेथवर, म्हणजे धातूचा नग फिरवत कापणाऱ्या यंत्रावर, केलेल्या २० शाफ्टपैकी (गोल दांड्यांपैकी) १७ तपासणीत नापास झाले. काम माझ्या हाताखालच्या एका शिकाऊ मुलीचं होतं. त्यामुळे कारण शोधण्याआधीच लोकांनी निकाल देऊन टाकला, इतकं बारीक काम मुलींच्या हाती देऊच नये.

काम होतं बेअरिंगच्या सीटचं, म्हणजे शाफ्टवर बेअरिंग जिथे घट्ट बसतं त्या भागाचं. व्यास २५ मिमी, फिट (घट्टपणाचा ठरलेला दर्जा) के६, म्हणजे माप २५.००२ ते २५.०१५ च्या आत हवं. अवघ्या १३ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) जागा, तीही ग्राइंडिंगशिवाय (दगडाने घासून माप आणल्याशिवाय), नुसत्या टर्निंगवर, म्हणजे लेथवर कापूनच. माप याहून कमी भरलं तर बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवर हळूहळू फिरते आणि सीट खाऊन टाकते. तिने प्रत्येक नग मशीनवरच मोजला होता आणि प्रत्येक बरोबर भरला होता. दुसऱ्या दिवशी मात्र तेच नग २४.९९८ च्या आसपास.

पहिला संशय मायक्रोमीटरवर. तो २५ ते ५० चा, म्हणून त्याच्यासोबतचा २५ मिमीचा मास्टर, म्हणजे नेमक्या मापाचा नमुना, लावून पाहिला. शून्य पक्कं होतं. मग तिने वही पुढे केली. नगाचा क्रमांक, माप आणि शेजारी वेळ. वेळ लिहायला तिला कोणी सांगितलं नव्हतं. पास झालेले नग तीनच, १, ८ आणि १५. सकाळचा पहिला, चहानंतरचा पहिला, जेवणानंतरचा पहिला. या तिघांचं रफिंग (जादा धातू काढणारी जाड कापणी) आधी होऊन ते पडून राहिले होते, थंड झाले होते. बाकीच्यांचं रफिंग संपलं की, नग गरम असतानाच, लगेच फिनिशिंग (नेमक्या मापाची शेवटची कापणी) आणि लगेच मोजमाप.

पोलाद तापलं की दर अंशाला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. २५ मिमीचा नग ४० अंशांनी तापलेला असेल, तर व्यास ११-१२ मायक्रॉन जास्त दाखवणार. आपली सगळी जागाच तेवढी. खात्रीसाठी एक ताजा नग काढून मोजला, २५.०१०. सरफेस प्लेटवर (मोजमापाच्या सपाट पाटावर) मास्टरशेजारी तासभर ठेवून पुन्हा मोजला, २४.९९९. आधी सगळ्या नगांचं रफिंग उरका, ते थंड होऊ द्या आणि मगच फिनिशिंगला हात घाला, हे मी शिकवायला हवं होतं. शिकवलं नव्हतं. चूक तिच्या हाताची नव्हती, माझ्या शिकवण्यातली होती.

पण मला लागलं ते पुढचं. वही पाहून वरिष्ठ म्हणाले, "किती सुरेख नोंदी! हिला ऑफिसात घ्या, रजिस्टरं सांभाळेल." हेच एखाद्या मुलाने शोधलं असतं तर त्याला तपासणी विभागात नेलं असतं, याची मला खात्री आहे.

कारकुनी कामाला मी कमी लेखत नाही. स्टोअरची एक नोंद चुकली की अख्खं शॉप खोळंबतं. पण मुलींना टेबलाकडे वळवताना ताकदीचं कारण पुढे केलं जातं, ते खोटं आहे. २०० मिमीचा चक, म्हणजे लेथवर नग पकडणारा जबडा, १५ किलोच्या आसपास भरतो. तो नुसत्या हातांनी उचलणारे पुरुषच बेडवर (लेथच्या खालच्या गुळगुळीत पाट्यांवर) आपटून खाचा पाडतात. बेडवर लाकडी फळी टाकावी, चक तिच्यावर ठेवून स्पिंडलपर्यंत (तो ज्यावर बसतो त्या फिरत्या दांड्यापर्यंत) सरकवावा, काम होतं. मुलींचा खरा त्रास उंचीचा. टूल पोस्ट (कापायचं हत्यार धरणारा भाग) कोपराच्या बरंच वर राहिलं की खांदे उचलून काम करावं लागतं आणि संध्याकाळपर्यंत मान धरते. पायाखाली १५ सेंमीचा लाकडी ओटा दिला की प्रश्न मिटतो. आणि कपडे बदलायला कडी लागणारी एक खोली. वर्षानुवर्षं या दोन गोष्टी कुणी मागितल्या नाहीत, आणि मीही नाही.

तिने विचारलं, "सर, मी काय करू?" घरच्यांना ऑफिस हवं आहे. मी एवढंच म्हणालो, की फोर-जॉ (चार जबड्यांच्या) चकमध्ये डायल, म्हणजे हेलकावा दाखवणारं मापक, लावून जॉब ०.०२ मिमीच्या आत मध्यावर आणणं, आटे पाडणं आणि बोअरिंग (आतलं भोक मापात कापणं), ही तीन कामं नीट हातात बसू देत, मग ठरव. हातात बसलेलं काम कुठल्याही लेथवर चालतं, रजिस्टराची पद्धत मात्र ऑफिसागणिक नव्याने शिकावी लागते. हे सांगणं पुरेसं होतं का, ते अजून मला कळत नाही. तिला शनिवारी उत्तर द्यायचं आहे.

ओटा करून घेतला आहे. नव्या २० नगांचं रफिंग तिने काल संध्याकाळी उरकलं, व्यासावर अर्धा मिमी राखून. नग मास्टरशेजारी ओळीने मांडून ठेवले आहेत.