कंबरेखालचं अंग गेलं, नेम राहिला

आमच्या मंगळवेढा-सांगोला भागात फेब्रुवारी-मार्च म्हणजे चिंचा झोडपायचा हंगाम. बांधावरच्या जुन्या झाडावरून मी पडलो तो याच दिवसांत. फांदी मोडली, पाठीवर आदळलो, पण शुद्ध गेली नाही. सगळं ऐकू येत होतं, हात हलत होते, कंबरेखाली मात्र काहीच नव्हतं. मांडीला हात लावला तर हाताला मांडी कळत होती, मांडीला हात कळत नव्हता.

जमलेल्या माणसांनी जिवाच्या आकांतानं धावपळ केली. दोघांनी खांदे धरले, दोघांनी पाय, आणि जीपमध्ये बसतं केलं. झाडावरून, विहिरीत, माळवदावरून पडलेल्या माणसाला आपल्याकडे असंच उचलतात, आणि त्यात कुणाला दोष देण्यात अर्थ नाही, कारण कुणी कधी सांगितलेलंच नसतं. म्हणून आधी हे लिहितो. पडलेल्या माणसाला पाय हलवता येत नसतील किंवा पाय बधिर लागत असतील, तर त्याला बसवू नका, कंबरेत वाकवू नका. १०८ ला फोन करा. हलवणं भागच असेल तर चार-पाच जणांनी मिळून, डोकं, मान आणि कंबर एका रेषेत ठेवून, एकदम फळीवर घ्या. मोडलेला मणका हलला की आतल्या मज्जारज्जूला आणखी इजा होते.

सोलापुरात ऑपरेशन झालं. कंबरेचा पहिला मणका, ज्याला डॉक्टर एल-वन म्हणतात, फुटून त्याचा तुकडा आत सरकला होता. स्क्रू आणि सळया घालून तो स्थिर केला. आत नेताना गळ्यातली तुळशीची माळ काढावी लागली. आजोबांनी घातलेली, लग्नातसुद्धा न उतरवलेली माळ. बायकोनं ती स्वतःच्या मनगटाला दोन वेढे देऊन बांधली आणि म्हणाली, "अहो, माळ माझ्याजवळ आहे. तुम्ही जाऊन या."

ऑपरेशन झालं म्हणजे आता पाय हलणार, असं घरातल्या सगळ्यांनी धरलं होतं. मीही. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की ऑपरेशननं मणका स्थिर झाला आणि मज्जारज्जूवरचा दाब गेला. इजा झालेला रज्जू शिवता येत नाही, तो किती सावरेल हे हळूहळूच दिसेल. मग त्यांनी टाचणी टोचून आणि कापूस फिरवून पायापासून वरपर्यंत तपासलं. यासाठी जगभर एकच मोजपट्टी वापरतात, ए ते ई. ए म्हणजे इजेखालचं पूर्ण गेलेलं, ई म्हणजे पूर्ववत. माझी बी निघाली. पायांत ताकद शून्य, पण गुदद्वाराजवळ स्पर्श कळत होता. मज्जारज्जूच्या अगदी खालच्या टोकाचा निरोप मेंदूपर्यंत पोचतोय, म्हणजे वाट पूर्ण बंद झालेली नाही, असा त्याचा अर्थ. पुढची सगळी आशा या एका खुणेवर उभी राहिली.

घरी आणल्यावरचे दिवस सर्वांत वाईट गेले. भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी घेऊन यायचा. कुणी अंगारा, कुणी तेल, कुणी देवऋषाचा पत्ता. मायेनंच आणायचे. घरातल्याच एका वडीलधाऱ्या बाईंनी पायाला ऊब मिळावी म्हणून तापवलेल्या विटेचा शेक दिला. मला काहीच कळलं नाही, आणि संध्याकाळी पोटरीवर तळहाताएवढा फोड आला. संवेदना नसलेल्या कातडीला गरम पाण्याची पिशवी, वीट, तवा काहीही लावू नये; भाजतंय हे सांगायला आतून कुणी नसतं. ती जखम भरायला फार दिवस लागले.

आणि देवाचं काय, तर मी त्याच्यावर रुसलो होतो. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वारी आहे. मुलगा चालायला लागला की पहिली दिंडी. अशा घरातल्या माणसाचे पायच काढून घ्यायचे? बायकोनं माळ परत घालायला आणली तर मी मान फिरवली. ती काही बोलली नाही. आई म्हणाली, "भांड त्याच्याशी. आपल्यात भांडायची मुभा आहे. पण बोलणं टाकू नकोस." आईचं शिक्षण दुसरीपर्यंत. त्या काळात मला इतकं नेमकं दुसरं कुणी बोललं नाही.

मी पुन्हा नाम घ्यायला लागलो ते रात्रीच्या कुशीमुळे. दर दोन तासांनी कूस बदलायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एकाच जागी वजन राहिलं की रक्तपुरवठा अडतो आणि माकडहाड, टाच, खुबा इथली कातडी मरते. बायको गजर लावून उठायची. एकदा पाठीकडून उशी सरकवताना ती पुटपुटत होती, "रामकृष्णहरी, रामकृष्णहरी." वर्षानुवर्षं भजनात म्हटलेलं नाम त्या रात्री पहिल्यांदा कामाला लागताना ऐकलं. मीही तिच्यामागून म्हणायला लागलो. सकाळी माळ मागून घेतली.

नंतर पुण्यातल्या पुनर्वसन केंद्रात कळलं की ही कूस बदलण्याची शिस्त केवढी मोठी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मणका मोडलेली बहुतेक माणसं थोड्याच काळात जायची, ती बेडसोअर म्हणजे अशा दाबाच्या जखमांनी आणि लघवीच्या जंतुसंसर्गानं. १९४४ साली लुडविग गुटमन या डॉक्टरांनी इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल इथं अशा जखमी सैनिकांसाठी वेगळा विभाग सुरू केला आणि दिवसरात्र दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायचा नियम घातला. १९४८ मध्ये त्यांनीच तिथं व्हीलचेअरवरच्यांचे सामने भरवले, त्यातून पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं. एवढ्या मोठ्या गोष्टीच्या मुळाशी आमच्या घरातल्या गजरासारखाच एक गजर होता, हे ऐकून मला फार धीर आला.

केंद्रात मी बसायला शिकलो. हे वाचायला सोपं वाटेल. कंबरेचे आणि मांडीचे स्नायू नसताना बसणं म्हणजे काय, ते बसल्याशिवाय कळत नाही. फार दिवस आडवा असल्यामुळे हळूहळू उभं करता येणाऱ्या टेबलाला पट्ट्यांनी बांधून थोडं वर केलं तरी डोळ्यांपुढे अंधारी यायची. रोज थोडा कोन वाढवायचा. मग पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासच्या सीटवर, घसरपाटी लावून सरकायचं. मग दर पंधरा-वीस मिनिटांनी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन बूड उचलायचं, कारण बसूनही जखम होते. फिजिओथेरपीच्या ताई म्हणायच्या, तीसपर्यंत मोजा. मी आकड्यांऐवजी नाम घ्यायचो. दंड थरथरायचे, घाम डोळ्यांत जायचा. नाम संपल्याशिवाय खाली बसायचं नाही हे ठरलेलं. ताईंनी एकदा घड्याळ लावून पाहिलं, माझं नाम त्यांच्या तीसपेक्षा लांब निघालं. तेव्हापासून त्यांनी मोजायचं सोडलं.

ज्याबद्दल कुणी लिहीत नाही ते लघवी-संडासचं. माझ्यासारख्या इजेत मूत्राशय भरलेलं कळत नाही आणि आपोआप रिकामं होत नाही. नळी कायमची ठेवली तर जंतुसंसर्ग वाढतो. म्हणून दर चार ते सहा तासांनी स्वतः नळी घालून लघवी काढायची. हात साबणानं धुवायचे, जागा स्वच्छ करायची, नळीच्या टोकाला जेली लावायची, हळूहळू आत सरकवायची, धार लागली की थांबायचं, मापाच्या भांड्यात मोजायचं, वहीत लिहायचं. एका वेळी ४०० ते ५०० मिलीच्या वर जाऊ द्यायचं नाही, कारण फार ताणलं की लघवी उलटी चढून मूत्रपिंडं बिघडतात. पहिल्यांदा लाजेनं मेल्यासारखं झालं. शेजारच्या पलंगावरचा बीडकडचा पोरगा, उसाच्या गाडीवरून पडलेला, म्हणाला, "दादा, मी पण शिकलो, बघा." त्यानं स्वतः करून दाखवलं. संडासचंही तसंच: रोज सकाळी एकच वेळ, चहा झाल्यावर, हातमोजा घालून. पोटात काही गेलं की आतडी हलतात, त्याचा फायदा घ्यायचा. वेळ चुकली की दिवसभर धास्ती.

एकादशीचा प्रश्न इथंच आला. मी निर्जळी करायचो. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला दिवसाला दोन लिटरच्या आसपास पाणी लागतं, कमी पडलं तर संसर्ग आणि खडे. मी आमच्या फडावरच्या महाराजांना फोन लावला. ते म्हणाले, "पाणी पी. तुझं ते औषध आहे." आता एकादशीला फराळ सोडतो, पाणी मोजून पितो. देवाच्या नावावर औषध टाकायला सांगणारा माणूस कितीही मोठा टिळा लावून येवो, त्याचं ऐकू नये, असं माझं ठाम मत आहे.

केंद्रात व्यायामाच्या वेळी पेटकरांचं नाव सारखं निघायचं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी देशाला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. आपल्याच मातीतला माणूस म्हटल्यावर वॉर्डातली पोरं दोन डंबेल्स जास्त मारायची.

पुनर्वसन सुरू असतानाच माझ्या उजव्या मांडीचा स्नायू पहिल्यांदा आकसला. पाय उचलला नाही, नुसती कातडीखाली हालचाल. ताईंनी बोट ठेवलं, "परत करा." मी परत केलं. बायको पलंगाच्या कडेला मटकन बसली. सुधारणा पहिल्या वर्षात, त्यातही पहिल्या सहा महिन्यांत जास्त होते, त्यामुळे त्या काळात एकही दिवस वाया घालवायचा नाही असं सगळे सांगायचे. उजव्या पायात बऱ्यापैकी ताकद आली. डाव्यात फारशी आली नाही. त्याला मांडीपासून घोट्यापर्यंत कॅलिपर, म्हणजे पाय ताठ धरणारा आधार, उजव्या पावलाला स्प्लिंट. आधी समांतर बार, मग वॉकर, मग कोपराच्या कुबड्या.

आज घरात कुबड्यांवर फिरतो, बाहेर व्हीलचेअर. हे पूर्ण बरं होणं नाही, आणि तसं मी कुणाला सांगतही नाही. दर चार-सहा तासांनी नळी घालणं आहेच. तळपायांची आग रात्री होतेच, गोळीनं कमी होते, जात नाही. डॉक्टर म्हणतात ही मज्जातंतूंची वेदना. उंबरा काढला, दारापुढे उतार केला: एक फूट उंचीला बारा फूट लांबी, त्याहून तीव्र उतार हातानं चढवत नाही. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढलं, एसटीची सवलत मिळते. किराणा दुकान टाकलंय, गल्ला माझ्याकडे.

माझ्या श्रद्धेनं रज्जू जोडला असं मी म्हणणार नाही. ज्या दिवशी काहीच सुधारणा दिसत नव्हती, त्या दिवशीही व्यायाम, नळी, कूस वेळेवर झाली, ते मात्र तिच्यामुळे. काकड्याला पहाटे उठायचं, फळ दिसो न दिसो, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं होतं. शरीर गेल्यावर तेच उपयोगी आलं. वॉर्डात माझ्यापेक्षा जास्त ताकद परत आलेली माणसं घरी जाऊन वर्षभरात बेडसोअर घेऊन परत आलेली मी पाहिली आहेत.

गेल्या कार्तिकीला गावच्या दिंडीबरोबर गेलो, मागं दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवर. डिकीत नळ्या, जेली, साबण, मापाचं भांडं. विणेकरी बुवांना आधीच सांगून ठेवलं होतं, चार तासांनी मुक्काम नसला तरी मी थांबणार. दिंडी थांबली नाही, थांबायची गरजही नव्हती. एका वस्तीवर आडोसा बघून काम उरकलं आणि पुढच्या चहाला गाठलं. देवळात गर्दीमुळे पायावर डोकं ठेवता आलं नाही, मुखदर्शन घेतलं. बीडचा तो पोरगा पंढरपुरात भेटला. त्याला अजून उभं राहता येत नाही. त्याच्या खुर्चीतली गादी दबून पातळ झाली होती, ती बदलायला सांगितली आणि कुठं मिळेल ते लिहून दिलं.